एक लांब, दोन आखूड

“दादा, तुमी कोन्या गावचे?”

बाईनं फोनच्या पलीकडून सरळच विचारलं. सूर्यकांतरावांच्या जिभेच्या टोकावर आलेलं ‘औंढा’ त्यांनी कसंबसं गिळलं.

“ते सांगता येत नाही, ताई. नियम आहे आमचा.”

“बरं, नाव?”

“तेही नाही.”

“मंग मी काहून सांगू माजं?”

“नका सांगू ना. तुम्हाला काय बोलायचं ते बोला. मी ऐकतोय.”

“गाव न्हाई, नाव न्हाई,” ती म्हणाली, “आसं कुठं बोलनं आसतंय का? मानूस हाव का टेप लावलाय?”

“माणूसच आहे, ताई.”

“बराबर हाय,” असं म्हणून तिनं फोन ठेवून दिला.

सूर्यकांतराव फोनकडं बघत बसले. बाईचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडं दोन माणसं एका बाकावर टेकली की पहिला प्रश्न गावाचा, दुसरा आडनावाचा, आणि तिसऱ्या प्रश्नाला याची मावशी त्याच्या चुलत्याच्या घरात दिलेली निघते. मग बोलणं सुरू होतं. त्याआधी जे काही चालतं त्याला हिंगोली जिल्ह्यात बोलणं म्हणतच नाहीत.

आणि गाव विचारायचं नाही हा नियम पाळायचा कुणी, तर सूर्यकांत पाठकांनी! औंढ्याच्या एस.टी. स्टँडवर ते कंट्रोलर होते आणि सगळी नोकरी त्यांनी चौकशीच्या खिडकीत काढली होती. लोक त्यांच्याकडं जेवढी चौकशी करत, त्याच्या दुप्पट ते लोकांची करत. ‘जवळा बाजारची गाडी कधी?’ असं विचारणाऱ्याला आधी सांगावं लागे की जवळ्याला कुणाकडं, कशासाठी, आणि मुक्काम आहे की संध्याकाळी परत. एवढं सगळं वदवून घेतल्यावर ते म्हणत, “येईल, बसा.” गाडी वेळेवर असो, पंक्चर असो, नाहीतर रद्द असो, उत्तर तेच. लोकही बसत. गाडी कधी ना कधी यायचीच.

निवृत्त झाले आणि खिडकी गेली. मग ते देवळामागच्या गल्लीत आपल्या ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवू लागले. थोड्याच दिवसांत लोक शेजारच्या गल्लीतून जाऊ लागले. त्यांच्या पत्नी गंगूताई यांचा जीव मात्र कात्रीत सापडला, कारण त्यांना दुसरी गल्ली नव्हती.

अशात हिंगोलीच्या एका संस्थेतली गुंजन नावाची समुपदेशक औंढ्यात आली. संस्थेनं ‘ऐकतोय’ नावाची फोनसेवा सुरू केली होती. मनावर ओझं असलेल्या कुणीही फोन करावा, पलीकडं कुणीतरी ऐकायला असेल. पगार नाही, मान नाही, फक्त आठवड्यातल्या दोन दुपारी द्यायच्या. गंगूताईंनी नवऱ्याला न विचारताच त्यांचं नाव दिलं.

“यांना घेऊन जा बाई. बोलायची भारी हौस आहे.”

“काकू, आम्हाला ऐकणारे हवेत,” गुंजन म्हणाली.

“मग तर न्याच. शिकतील तरी.”

शिकणं काही सोपं गेलं नाही. सरावासाठी गुंजन स्वतः दुःखी बाई झाली आणि तिचं दुसरं वाक्य संपायच्या आत सूर्यकांतरावांनी तिच्या वडिलांचं नाव, घराचा पत्ता आणि लग्नाचं कुठवर आलं हे विचारून टाकलं. गुंजननं कपाळाला हात लावला. “काका, ही चौकशीची खिडकी नाही. नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. कुणी जिवाचं बरंवाईट करायचं बोललं तर लगेच मला जोडून द्यायचं. बाकी सगळ्यांचं नुसतं ऐकायचं. आणि फोन करणाऱ्याला शोधायला जायचं नाही, कधीच नाही. ते आपल्याशी बोलतात, कारण आपण त्यांना कुठंच भेटणार नसतो. लहानपणी आजी गोष्ट सांगायची तेव्हा काय करायचात? हूं म्हणायचात ना? तेवढंच करा.”

फोन हिंगोलीहून वळून त्यांच्या मोबाइलवर यायचा, नंबरही दिसायचा नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी जेवण झालं की सूर्यकांतराव माडीवरच्या खोलीत खुर्चीत बसू लागले. पहिले काही दिवस त्यांना हा कडक उपासच वाटला. पण हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं की न विचारताही माणसं सांगतात, आणि विचारून कळतं त्यापेक्षा कितीतरी जास्त सांगतात. एकाच लिंबाखाली बसणारे दोघं भाऊ एकमेकांशी का बोलत नाहीत, हे खिडकीतून त्यांना कधी कळलं नसतं. फक्त एकच तकलीफ होती. गोष्टीचा शेवट कळायचा नाही. माणूस मन मोकळं करायचा, फोन ठेवायचा, आणि पुढं काय झालं ते राहूनच जायचं. गाडी स्टँडवरून सुटली की कंट्रोलरचं काम संपतं, असं ते स्वतःला सांगत. पण ते त्यांना स्वतःलाच फारसं पटत नसे.

फोन ठेवून देणाऱ्या त्या बाईचा पुढच्या मंगळवारी पुन्हा फोन आला.

“त्या दिवशीचेच दादा का?”

“हो, ताई.”

“मंग बोलते. सांगायचं न्हाई तर तोंडावर न्हाई म्हनले तुमी. खोटं नाव सांगून मोकळे झाले न्हाई. मला खोटं बोलनारं मानूस चालत न्हाई.”

त्या दिवशी ती बोलली ते सगळं पुनमबद्दल. आमची पुनम भाकरी अशी पातळ थापती की पलीकडचा दिवा दिसावा. आमची पुनम कुणाशी मोठ्यानं बोलत नाही. शुक्रवारी माझ्या डोक्याला तेल लावल्याशिवाय तिला चैन पडत नाही. सूर्यकांतरावांना वाटलं, लेकीचं कौतुक चाललंय. यात दुःख कुठं आहे? विचारायला तोंड उघडलं आणि त्यांनी “हूं” म्हणून मिटलं.

पुढच्या खेपेला कळलं, पुनम लेक नव्हे, सून. ते खुर्चीत पुढं सरकून बसले. त्याच्या पुढच्या खेपेला कळलं, बाईचा एकुलता एक लेक कावीळ होऊन गेला आणि त्यावर दोन दिवाळ्या उलटल्या. आणि मग एका मंगळवारी बाईनं मुद्द्याला हात घातला.

“मीच ठिकान पायलं तिला. जवळ्याकडला मानूस हाय. बिजवर हाय, पन दारू न्हाई, सुपारी न्हाई, नजर खाली. भावकी म्हनली, पाटाचं म्होतूर लावा रातच्याला, चार मानसांत. मी म्हनलं, चोरी हाय का कुनाची? इधवेचं म्हनून आंधारात काहून? लगीनच व्हईल, दिवसा व्हईल, मारुतीफुडं हार घालून व्हईल. लई भांडले मी, दादा. भावकी निम्मी तुटली.”

“हूं.”

“मंग काय झालं, ग्रामपंचायतीनं माजा सत्कार केला. शाल दिली, नारळ दिला, फोटो काढला. सून उजवनारी सासू म्हनून.” ती थांबली. “शाल घेतली ना मी. आता रडायचं कोन्या तोंडानं?”

सूर्यकांतरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“घरात रडले तर पुनम पायती. गावात रडले तर लोक म्हनतेत, बुढीला सून द्यायचीच न्हवती, नुसती शाल घ्यायची व्हती. परवा पुनमनं ईचारलं, आत्याबाई, जाऊ का? मी म्हनलं, जाय. पन माज्या तोंडात दुसरंच व्हतं, दादा. ‘नको जाऊ’. मी येकडाव तसं म्हनले ना, ती न्हाई जायची. जलमभर बसून ऱ्हाईल माज्यापाशी. मंग मी मेल्यावर तिला कोन? ते निगल का काय माज्या तोंडातून, याचीच धास्ती वाटून राहिली.”

पलीकडून नुसता वारा ऐकू येत होता. धीर द्यावा असं सूर्यकांतरावांना फार वाटलं आणि नियमात बसेल असा एकही शब्द सापडेना, तेव्हा सवयीनं तोंडून निघून गेलं, “बसा, ताई.”

“बसलेच हाय की,” ती म्हणाली, आणि रडता रडता तिला जरा हसू आलं.

नेमकं त्याच वेळी तिच्या मागं, लांबून, एका गाडीचा हॉर्न वाजला. एक लांब, दोन आखूड.

सूर्यकांतराव ताठ झाले. हा हॉर्न त्यांनी लाख हॉर्नांत ओळखला असता. हा अमरसिंग ड्रायव्हरचा. दुपारची सिद्धेश्वर धरणाकडून परतणारी फेरी त्याचीच असायची, आणि हिवरवाडीच्या वळणाआधी तो असा हॉर्न द्यायचा. वळणापलीकडून गाडी दिसत नाही, शेतातल्या बाया धावतपळत फाट्यावर येईपर्यंत ती निघून जाते, म्हणून हा इशारा. दुसऱ्या कुठल्या ड्रायव्हरनं असा हॉर्न दिला नव्हता, आणि अमरसिंगनं दुसऱ्या कुठल्या गावी दिला नव्हता. या हॉर्नबद्दल एकदा तक्रारही आली होती, आणि तिची चौकशी अर्थातच सूर्यकांतरावांनीच केली होती.

म्हणजे बाई हिवरवाडीची. फाट्यावरून बोलते.

त्यांना आधी लहान मुलासारखा आनंद झाला आणि मागोमाग चोरी पकडली गेल्यासारखं वाटलं. पण मी विचारलं कुठं? त्यांनी स्वतःशी वाद घातला. हॉर्न आपोआप आला. कानाला काही झाकण नसतं. माणूस स्वतःच स्वतःचा वकील आणि स्वतःच न्यायाधीश असला की निकाल चटकन लागतो, तसा तो लागला.

“काहीतरी कळलंय तुम्हाला,” संध्याकाळी पुन्हा पोळी वाढताना गंगूताई म्हणाल्या.

“काही नाही.”

“भाजीत मीठ टाकायचं विसरले मी आज, आणि तुम्ही दोनदा मागून खाल्लीत.”

सूर्यकांतरावांनी मुकाट्यानं मीठ घेतलं. त्यांच्या पोटात गोष्ट राहिल्याची घरातली ही पहिलीच वेळ.

वैशाख लागला तशी बाई फोनवर कमी बोलू लागली. शेवटच्या खेपेला एवढंच म्हणाली, “येत्या गुरवारी हाय. सकाळी मारुतीफुडं हार घालायचे, जेवनं झाली की जीपीनं नेतेत. आता मी फोन करनार न्हाई, दादा. काय काम हाय मंग? तुमाला लई तरास दिला.”

“हूं,” सूर्यकांतराव म्हणाले, आणि फोन बंद झाल्यावर त्यांना फार चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

मग त्यांच्या जिवाला चैन पडेना. आरतीला उभे असले तरी तेच, पेपर हातात असला तरी तेच. ती ‘नको जाऊ’ म्हणेल का? म्हणाली तर पोरगी राहील, आणि बाईनं गावाशी मांडलेली सगळी लढाई एका शब्दात वाया जाईल. नाही म्हणाली तर? तर तो शब्द त्या म्हातारीच्या पोटात कुठं जाईल? ही नुसती भोचक चौकशी नव्हती. त्यांना तिची काळजी लागली होती. पण भोचकपणाही होताच, आणि दोन्ही एकमेकांत असे मिसळले होते की वेगळे काढणं त्यांना जमेना. त्यांनी ते फार मनापासून काढायचा प्रयत्न केला असंही नाही.

गुरुवारी त्यांनी धोतर सोडून पँट घातली. “सिद्धेश्वराला जाऊन येतो. दर्शनाला.”

“दारात नागनाथ सोडून?” गंगूताईंनी विचारलं. मग त्यांनीच खुंटीवरची छत्री काढून हातात दिली. “ऊन आहे. सांभाळून.”

हिवरवाडीच्या फाट्यावर पत्र्याची एक शेड होती आणि चहाचं एक हॉटेल. हॉटेलला कुलूप होतं, कारण हॉटेलवाला लग्नाच्या जेवणाला गेला होता. सूर्यकांतराव शेडच्या कोपऱ्यात, छत्री आडवी धरून बसले. बेत साधा होता. जीप याच रस्त्यानं जाणार. लांबून एक नजर टाकायची, काय होतं ते बघायचं, आणि अमरसिंगच्या गाडीनं परत. कुणाला कळणार नाही. आपण चुकीचं करतो आहोत हे ज्याला पक्कं माहीत असतं, त्याचे बेत असे फार सुटसुटीत असतात.

बायांचा घोळका जीपच्या पुढं चालत आला. पोरीची बोळवण शिवेपर्यंत करायची रीत. सुनेचीही त्या बाईनं तशीच केली होती. सूर्यकांतरावांनी तिला आधी ऐकलं. “सावकास हाना रे, गड्डे हायेत,” हा आवाज त्यांच्या कानात मुरलेला होता. मग दिसली. मनात त्यांनी चांगली आडव्या अंगाची, खणखणीत बाई धरली होती. ही तर मूठभर होती. नऊवारीचा ओचा खोवलेला, पाय अनवाणी, हातात स्टीलचा तांब्या.

जीप फाट्यावर थांबली. हिरव्या लुगड्यातली पोरगी खाली उतरली आणि तिनं म्हातारीला मिठी मारली. म्हातारीनं तिचा पदर नीट केला, बोटानं काजळ पुसलं, मग काखेतली घडी काढून तिच्या हातात दिली. ती सत्काराची शाल होती.

“ही ने. मला काय करायची.”

“आत्याबाई,” पोरगी म्हणाली, आणि तिचा आवाज शेडपर्यंत स्वच्छ ऐकू आला, “तुमी येकडाव म्हना. मी सामान उतरवते.”

सगळे थांबले. जीपमधला नवरदेव खाली मान घालून बसला होता. म्हातारीचे ओठ हलले. सूर्यकांतराव छत्रीवरून पुढं वाकले. आता. आता निघणार तो शब्द.

“ऊन व्हऊन राहिलं,” म्हातारी म्हणाली. “जाय.” आणि तिनं पोरीला आत बसवून जीपचं दार आपल्या हातानं लावलं.

जीप दिसेनाशी झाली. बायांनी पदर डोळ्यांना लावले. “द्वारकाबाई, छाती हाय माय तुजी,” एक जण म्हणाली. द्वारकाबाई. सूर्यकांतरावांना नाव कळलं, आणि कळल्याचा आनंद झाला, आणि आनंद झाल्याची लाज वाटली.

“तुमी व्हा फुडं,” द्वारकाबाई म्हणाल्या. “मी टेकते जराशी सावलीला.”

बाया गावाकडं वळल्या आणि द्वारकाबाई शेडमध्ये येऊन सूर्यकांतरावांच्या शेजारी बसल्या. सुटसुटीत बेतात हे नव्हतं. शेडमध्ये ते दोघंच. त्यांनी छत्रीआड तोंड लपवलं, पण मराठवाड्यातल्या बाकावर अशानं काही साधत नाही.

“कोन्या गावचे, दादा?”

सूर्यकांतरावांनी तोंड उघडलं. एक शब्द, एकच शब्द उच्चारला की संपलं. त्यांचा आवाज ती ओळखणार. खोटं बोलणारं माणूस मला चालत नाही, म्हणाली होती. त्यांनी उघडलेलं तोंड तसंच मिटलं, ओठांवर बोट ठेवलं आणि हात हलवला.

“अरे देवा. मुके हाव व्हय?” तिनं आपल्या कानाला हात लावून मान प्रश्नार्थक केली. “ऐकू?”

त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. औंढ्याच्या स्टँडवर ज्यांनी उभ्या जन्मात कुणाला अनुत्तरित सोडलं नाही, ते सूर्यकांतराव पाठक हिवरवाडीच्या फाट्यावर मुके आणि बहिरे झाले.

द्वारकाबाईंनी तांब्या पुढं केला. ते प्यायले. पदराच्या गाठीतली कागदात बांधलेली बुंदी तिनं त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी खाल्ली. मग ती रस्त्याकडं तोंड करून बसली.

“नको जाऊ,” ती म्हणाली.

हलक्या आवाजात म्हणाली, शब्द तोंडात कसा लागतो ते बघावं तशी. मग पुन्हा, जरा मोठ्यानं. “नको जाऊ गं, पुनम.” मग तिनं शेडच्या खांबाला धरलं आणि रिकाम्या रस्त्याला ओरडून म्हणाली, “नको जाऊ, माय. नको जाऊ. मला कोन हाय गं?” आणि ती रडायला लागली. लेक गेला तेव्हाचं आणि आजचं, दोन्हीचं मिळून रडत होती.

सूर्यकांतराव समोर बघत बसले. बहिऱ्यानं बसावं तसे बसले. इतक्या मंगळवारांनी त्यांना जे एकमेव काम शिकवलं होतं, ते ‘हूं’ त्यांच्या गळ्यापर्यंत आलं होतं आणि ते देता येत नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते त्यांनी घामाबरोबर रुमालानं पुसलं. आपण इथं यायला नको होतं, हे त्यांना तेव्हा जेवढं कळलं तेवढं आयुष्यात दुसरं काही कळलं नव्हतं. हा शब्द ती कुणालाच ऐकवणार नव्हती. आणि त्यांनी तो ऐकला होता.

तेवढ्यात वळणापलीकडून हॉर्न आला. एक लांब, दोन आखूड.

सूर्यकांतराव ताडकन उठून उभे राहिले.

कंट्रोलरची हाडं ती, उठणारच. गाडी अजून वळणाआड होती. रस्ता रिकामा होता. उभं राहिल्यावर त्यांच्या ध्यानात आलं आणि ते जागच्या जागी थिजले. द्वारकाबाईंनी पदरानं डोळे पुसले. त्यांच्याकडं बघितलं, मग वळणाकडं बघितलं, मग पुन्हा त्यांच्याकडं.

गाडी आली. अमरसिंगनं खिडकीतून मान बाहेर काढली. “आरं! सूर्यकांतराव! तुमी इकडं कुठं?”

सूर्यकांतरावांनी त्याच्याकडं पाहिलं नाही. त्यांनी द्वारकाबाईंना दोन्ही हात जोडले. तिनंही जोडले. ते गाडीत चढले आणि थेट औंढा येईपर्यंत कुणाशी एक अक्षर बोलले नाहीत. अमरसिंगला वाटलं, घरात कुणी गेलं असेल.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गुंजनला फोन करून काय झालं ते सगळं सांगितलं. ती ओरडेल असं त्यांना वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“काका,” ती शेवटी म्हणाली, “तुम्हाला आता थांबावं लागेल. आजची दुपार मी बघते, पण मंगळवारी माझ्याकडं बदली माणूस नाही, तेवढा एक सांभाळा. पुढचा दुसऱ्या कुणाला देते. आणि त्यांचा फोन आला तर कबुली देऊ नका. तुमचं मन हलकं होईल, पण त्यांचं जड होईल. हे ओझं तुमचं आहे.”

“बरोबर आहे, बाळा,” ते म्हणाले.

मंगळवारी दुपारी ते खुर्चीत बसले. ती फोन करणार नव्हती, हे माहीत होतं. फोन वाजला.

“दादा?”

“बोला, ताई.”

“करनार न्हाई म्हनलं व्हतं मी. पन इतके दिस ऐकनाराला शेवट न सांगताच उठावं, हे काही बराबर न्हाई. म्हनून केला.”

सूर्यकांतरावांनी डोळे मिटून घेतले. जे चोरून आणायला ते हिवरवाडीला गेले होते, ते ती आपल्या हातानं घेऊन आली होती. पाच दिवस दम धरायचा होता फक्त. साऱ्या औंढ्याला ‘येईल, बसा’ सांगणाऱ्या माणसाला तेवढं बसवलं नव्हतं.

ती सांगत गेली. हार, जेवणं, जीप, शाल. पुनम ‘येकडाव म्हना’ म्हणाली ते. त्यांना सगळं माहीत होतं आणि ते पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकत होते. खरं तर पहिल्यांदाच ऐकत होते.

“मी ‘जाय’ म्हनलं. गेली. मंग फाट्यावर एक मुका मानूस बसला व्हता. त्याला ऐकू येत न्हवतं. त्याच्याफुडं मनात व्हतं ते समदं बोलले, दादा. मोठ्यानं.”

“हूं.”

“हारन मातर आला त्याला ऐकू.”

सूर्यकांतरावांनी फोन कानाशी घट्ट दाबला.

“गाडी दिसायच्या आदी उठला,” द्वारकाबाई शांतपणे म्हणाल्या. “मी लई ईचार केला त्याचा. मंग म्हनलं, आसंल. येखांद्याला तेवढंच येत आसंल ऐकू. आन् माजं आलं बी आसंल, तरी कुनाला सांगायचा न्हाई त्यो. रडून राहिला व्हता, लपून. रुमालानं घाम पुसत व्हता, पन घाम काय डोळ्यातून येतो का?”

तुम्ही मला ओळखलंत का? प्रश्न त्यांच्या दातांपर्यंत आला. एका वाक्याचं काम होतं. उत्तर मिळालं असतं, तिनं खरं तेच सांगितलं असतं. सूर्यकांतराव पाठकांनी तो प्रश्न विचारला नाही.

“कोन्या गावचा ते पुना ईचारलं न्हाई मी,” ती म्हणाली. “पुनमचा फोन येतो रोज. तिकडल्या भाकरी जाड आसतेत म्हनं. मी म्हनलं, मंग तू थाप की पातळ.” ती हसली. “फुडच्या मंगळवारी करू का, दादा?”

“करा, ताई. कुणीतरी असेल ऐकायला.”

“तुमी?”

“मी नसेन.”

“काहू...” तिनं सुरुवात केली आणि मधेच थांबली. “ऱ्हाऊ द्या. नियम आसंल तुमचा.”

“हूं,” ते म्हणाले.

पलीकडं, तिच्या मागं, लांबून हॉर्न आला. एक लांब, दोन आखूड. सूर्यकांतराव माडीवरच्या खोलीत उठून उभे राहिले.

“गाडी आली,” द्वारकाबाई म्हणाल्या.

गाडी थांबल्याचा, दार आपटल्याचा आणि पुन्हा निघाल्याचा आवाज आला. तो पार ऐकू येईनासा होईपर्यंत दोघांपैकी कुणीही फोन ठेवला नाही.